पाण्यातून परत आलेलं विमान

मित्रांनो, लालबागच्या एका गणपतीच्या कारखान्यात, पत्र्याच्या छपराखाली, दोन दोरांना टांगलेलं एक पांढरं विमान आहे. ते मी. पंखांच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत मी नऊ फूट भरतो. खरं विमान म्हणावं तर फार लहान, खेळणं म्हणावं तर फार मोठा. मूर्ती बघायला आलेली माणसं मान वर करून "हे उडतं काय हो?" असं विचारतात आणि उत्तराची वाट न बघता पुढच्या मूर्तीकडे वळतात. उडतो मी. आजवर एकदाच उडालो, तेही पाण्यावरून, आणि तेव्हापासून माझं चित्त या छपराखाली लागत नाही.

मला चाकं नाहीत, हे आधीच सांगून टाकतो. माझं पोट होडीच्या बुडासारखं घडवलेलं आहे, आणि धावपट्टी म्हणजे माझ्या लेखी पाणी. पंखांवर विजेच्या दोन मोटारी, पोटात बॅटऱ्या, आणि काठावर उभा राहिलेला माणूस हातातल्या रेडिओच्या पेटीवरून मला चालवतो. जमिनीवर ठेवलं की मी एका कुशीवर कलंडतो. त्याची मला अजून लाज वाटते.

माझी सुरुवात एका लांबट खोक्यात झाली. ते खोकं परदेशातून आलं, चाळीचा तिसरा मजला चढलं आणि लवूकाकांच्या खोलीत उघडलं गेलं. आत मी होतो, पण तुकड्यातुकड्यांत. बाल्साच्या हलक्या लाकडाच्या फासळ्या, पातळ प्लायच्या चौकटी, तारा, बिजागऱ्या आणि चटईएवढा मोठा एक नकाशा. त्यात विमान कुठे दिसत नव्हतं. शेजाऱ्यांना वाटलं, लवूकाकांनी कपाट मागवलंय.

लवूकाका पेडणेकर टेलिफोन खात्यात केबल जोडायचे. उभा जन्म रस्त्याखालच्या खड्ड्यांत वाकून गेलेला. वर बघावं तर झाकणाएवढं आभाळ. खात्याने माणसांना लवकर घरी बसवलं, तेव्हा काका इतरांसारखे नाक्यावर जाऊन बसले नाहीत. पनवेलच्या पुढे मॉडेल विमानं उडवणाऱ्यांचा एक क्लब होता, तिथे जाऊन ते शिकले, कारण मुंबईच्या आभाळात असलं काही उडवू देत नाहीत. दोन लहान विमानं त्यांनी शेतात आपटून घेतली आणि मग मला मागवलं. पाण्यावरचंच विमान कशाला, असं त्यांच्या बायकोने, मालनकाकूंनी विचारलं, तर म्हणाले, "गावाक खाडी बघान वाढलंय मी. विमान पण पाण्यातलाच होया माका."

नकाशा पसरून त्यावर पंख जुळवायचे, तर सपाट जागा लागते. दोन खोल्यांत ती कुठली असणार? लवूकाकांनी आतल्या खोलीचं दार बिजागऱ्यांतून काढलं आणि दोन स्टुलांवर आडवं टाकलं. मालनकाकू कमरेवर हात ठेवून बघत राहिल्या. "दार काढलात, आता पडदो लावा. मगे खिडकी काढा. मगे माका काढा." पडदा लागला. दोन पावसाळे त्या घराला पडदाच होता.

त्या दारावर मी मोठा झालो. एकेक फासळी टाचण्यांनी उभी राहायची, गोंद वाळायचा, मग पुढची. लवूकाकांचे हात तारा जोडण्यात मुरलेले, पण लाकूड त्यांना नवीन होतं. घाई केली की फासळी मोडायची, आणि मोडली की ते मोडलेल्या तुकड्यालाच "सॉरी हां" म्हणायचे. मला ते फार आवडायचं. लाकडाचा भुसा घरभर उडायचा. एकदा तो बांगड्याच्या कालवणात, तिखल्यात, पडला, तेव्हा मालनकाकूंनी पूर्ण दिवस अबोला धरला आणि दुसऱ्या दिवशी स्वतःच झाकणी घेऊन बसल्या.

पंखांवर प्लास्टिकचा पातळ पांढरा पापुद्रा बसवायचा असतो. तो इस्त्रीने तापवून ताणला की ढोलकीच्या चामड्यासारखा घट्ट बसतो. लवूकाकांनी बसवला, तर सुरकुत्याच सुरकुत्या. मालनकाकूंनी जेवणाची ताटं उचलता उचलता ते पाहिलं. त्यांनी काकांच्या हातातली इस्त्री काढून घेतली, "सरा तिकडं" म्हणाल्या, आणि दुपारभरात दोन्ही पंख असे करून ठेवले की बोट वाजवलं तर सूर निघेल. त्या दिवसापासून त्या मला 'ह्यांचं विमान' म्हणायच्या थांबल्या. 'आमचं' म्हणू लागल्या.

पोटाला मात्र काचेच्या धाग्यांचं कापड आणि राळ लावली. त्यामुळे मी पाण्याला पक्का झालो. पाण्याचा थेंब आत शिरायचा नाही. हे लक्षात ठेवा, मित्रांनो, कारण पुढे जे झालं त्यात माझ्या लाकडाचा दोष नव्हता आणि लवूकाकांच्या हातांचाही नव्हता.

आता हितेंद्रकाका. हितेंद्र मयेकर लवूकाकांचे बालमित्र, एकाच चाळीत वाढलेले, आणि ज्या कारखान्यात मी आज टांगलेला आहे त्याचे मालक. मूर्ती घडवणारे कारागीर त्यांच्याकडे बरेच आहेत, रंगारीही आहेत, पण डोळे फक्त तेच काढतात. मूर्तीचे डोळे सगळ्यात शेवटी काढायचे असतात. त्याला आखणी म्हणतात. त्या वेळी पंखा बंद, रेडिओ बंद. कुणी शिंकलं तरी बाहेर जाऊन शिंकायचं. डोळे उघडले की मातीची मूर्ती राहत नाही, असं ते म्हणतात, आणि मग ती त्यांचीही राहत नाही.

मी पूर्ण झाल्याचं कळलं तेव्हा ते जिना चढून आले. त्यांनी माझ्या नाकापासून शेपटीपर्यंत हात फिरवला. "लव्या, रंग मी करणार. दुसऱ्या कुणाचा हात लावायचा नाय."

"तुझा सीझन कधी संपतो ते सांग."

"सीझन गेला खड्ड्यात. उद्या पाठव खाली."

अशा रीतीने मी या कारखान्यात पहिल्यांदा आलो. गणपती होऊन गेलेले, मूर्ती नव्हत्या, नुसती रिकामी फळकुटं आणि कोपऱ्यात शाडूचा ढीग. कारखान्यात रंगांची दोन फडताळं होती. एका फडताळात पाण्यात जाणाऱ्यांचे रंग. ते पाण्यात विरघळतात, तळ्याला नि समुद्राला त्रास देत नाहीत. दुसऱ्यात घरात राहणाऱ्यांचे, म्हणजे देवघरातल्या मूर्ती, दुकानातल्या बाहुल्या यांचे तेलाचे रंग. हितेंद्रकाकांना या व्यवस्थेचा मोठा अभिमान. शाडू आणि विरघळणारे रंग यांच्यापायी त्यांनी बरीच गिऱ्हाइकं घालवली होती, पण हटले नव्हते.

ते मला टेबलावर ठेवून दोन्ही फडताळांकडे बघत उभे राहिले. "पाण्यात जायचंय ना याला?" त्यांनी विचारलं.

"पाण्यातच," लवूकाका म्हणाले.

"मग प्रश्नच नाय." त्यांनी पहिलं फडताळ उघडलं.

दोघांपैकी एकालाही त्यात काही वावगं वाटलं नाही. लालबागच्या गल्लीत जन्म गेल्यावर पाण्यात जाणं या शब्दांना दुसरा अर्थच राहत नाही. जे पाण्यात जातं ते जायलाच जातं.  मला तरी पाणी कुठे माहीत होतं?

रंग राळेवर धरेना, म्हणून त्यांनी मला आधी घासलं आणि मूर्तीला देतात तसे खडूच्या भुकटीचे पांढरे हात दिले. एक वाळला की दुसरा, त्यावर तिसरा. मग पिवळा, पितांबराचा असतो तो. शेपटीवर शेंदरी. पोटाच्या कडेने मोरपिशी रेघ, इतकी सरळ की लवूकाकांनी पट्टी लावून बघितली आणि पट्टी खाली ठेवली. वरून व्हार्निश मारू का, असं एका रंगाऱ्याने विचारलं, तर हितेंद्रकाका चिडले. "पाण्यात व्हार्निश? माझ्या कारखान्यात?"

शेवटी त्यांनी पंखा बंद केला. लवूकाका हसले. "विमानाला कसले डोळे रे?"

"जाणार कुठे ते दिसायला नको त्याला? गप उभा राहा."

नाकाच्या दोन बाजूंना त्यांनी दोन डोळे काढले. खाली झुकलेले, शांत, मूर्तीचे असतात तसेच. मित्रांनो, तोवर मी सगळं नुसतं ऐकत होतो. आता मला दिसू लागलं. पहिल्यांदा दिसला तो श्वास रोखून धरलेला त्यांचा चेहरा. जगात मला कुणी इतकं जवळून पाहिलेलं नाही.

त्यानंतर मला पाण्यावर न्यायचं होतं. लवूकाकांची तयारी होती, क्लबाला जवळच्या एका तलावावर उडवायची परवानगी होती, हवा छान होती. पण हितेंद्रकाका यायला तयार होईनात, आणि त्यांच्याशिवाय न्यायला लवूकाका तयार नव्हते. आज माघी गणपतीची कामं आहेत. उद्या शाडू यायचाय. मग उन्हाळा, मग पाऊस, मग सीझन. मी लवूकाकांच्या खोलीत छताला लटकून राहिलो. शेजारची माणसं यायची, वाहवा करायची, फोटो काढायची. वाहवा पहिले चार महिने गोड लागते. पुढे माझ्या पंखांवर धूळ बसली, आणि मला एकच कळत होतं की ज्यासाठी मला केलं ते कुठेतरी आहे आणि मी तिथे नाही.

शेवटी मालनकाकूंनीच विषय काढला. हितेंद्रकाका चहाला आले होते. काकूंनी कप त्यांच्या हातात दिला आणि सरळ विचारलं, "भावोजी, खरं सांगा. काम आहे म्हणून येत नाही, की बघवणार नाही म्हणून?"

हितेंद्रकाकांनी कप बशीत खाली ठेवला. चाळीतल्या सगळ्यांना ठाऊक होतं, अनंत चतुर्दशीला ते कारखान्याला कुलूप घालतात आणि माटुंग्याला नलूआत्यांकडे, म्हणजे त्यांच्या बहिणीकडे, जाऊन बसतात. टीव्ही बंद, खिडक्या बंद. एवढ्या वर्षांत त्यांनी एकही विसर्जन पाहिलेलं नव्हतं. लोक त्यावर थट्टा करायचे, तेही हसायचे.

"वहिनी," ते म्हणाले, "माझ्या हातचं आजवर एक पण पाण्यातून परत आलेलं नाय. दर वर्षी डोळे काढायचे नि घालवायचे. त्याचं काय वाईट नाय, देवाचं ते तसंच असतं. पण हे परत यावं असं वाटतं. एकदा तरी काहीतरी परत यावं. आणि नाय आलं तर?"

"येईल," लवूकाका म्हणाले. "मी आणीन."

माझ्या लाकडातून काहीतरी सरकलं. तोवर मला वाटत होतं, पाणी ही माझी एकट्याची ओढ आहे. आता कळलं की मला नुसतं जायचं नाही, परत यायचं आहे, आणि ते एका माणसासाठी.

डिसेंबरातल्या एका सकाळी टेम्पो ठरला. पंख सोडवून, गोधड्यांत गुंडाळून त्यांनी मला निजवलं. हा तोच टेम्पो, ज्यातून मूर्ती जातात. टेम्पोवाला सवयीने म्हणाला, "सोडायला चाललात?" मालनकाकूंनी माझ्याभोवतीची गोधडी नीट खोचली.

तलाव दिसला आणि मी सगळं विसरलो. काय सांगू तुम्हाला. एवढं मोठं, सपाट, आणि कुठेही कुणाचं स्टूल नाही, दार नाही, पडदा नाही. क्लबातली अनुजा तिथे आधीच आलेली होती. माटुंग्याची, कॉलेजात शिकवणारी, लवूकाकांना उडवायला तिनेच शिकवलेलं. तिने मला उचलून पाहिलं. "काका, जड झालंय. कागदावर दिलंय त्यापेक्षा बरंच."

"रंगाचे हात जास्त झाले असतील," लवूकाका म्हणाले.

"उठेल ना?" हितेंद्रकाकांनी विचारलं. ते काठापासून लांब, टेम्पोच्या सावलीत उभे होते.

"बघू या," अनुजा म्हणाली. मालनकाकूंनी माझ्या नाकाला हळदकुंकू लावलं, आणि लवूकाकांनी गुडघाभर पाण्यात जाऊन मला सोडलं.

पाणी गार होतं. ते माझ्या पोटाला लागलं आणि मला वाटलं, हेच. मोटारी फिरू लागल्या. मी धावलो. पण पोट सुटेना. खडूचा तो खरखरीत थर पाण्याला धरून बसला होता. मी नाक वर करायचो आणि पुन्हा बसायचो. तलाव अर्धा संपला तसा लवूकाकांनी मला वळवलं.

वळताना मी मागे पाहिलं. माझ्यामागे पाण्यावर एक लांब पिवळा पट्टा उमटला होता.

आधी अनुजाला दिसला. "काका, रंग जातोय. कुठला रंग दिलाय?"  लवूकाका हितेंद्रकाकांकडे बघत होते. हितेंद्रकाकांच्या तोंडचं पाणी पळालं होतं. ते एकेक पाऊल टाकत काठाशी आले, आणि कुणालाही काही सांगावं लागलं नाही. स्वतःच्या हाताने कुठलं फडताळ उघडलं ते त्यांना आठवलं होतं.

"आणतो काठाला," लवूकाका म्हणाले. "पुसून घेऊ. घरी नेऊ. तेलाचा रंग मारून परत येऊ कधीतरी."

मी जवळ येत होतो. मोरपिशी रेघ गेली होती. एक डोळा धूसर झाला होता, दुसऱ्याने मला ते तिघं नि मालनकाकू दिसत होत्या. काठाला नेलं असतं तर उरलेलं वाचलं असतं. शेपटीवरचा शेंदरी अजून तसाच होता, पाठीवरचा पिवळाही होता. हितेंद्रकाकांचं काहीतरी नक्की परत गेलं असतं.

हितेंद्रकाकांनी पाण्यावरच्या पिवळ्या पट्ट्याकडे बोट केलं. मग म्हणाले, "लव्या, वजन कमी झालं असेल ना त्याचं?"

"झालं असेल."

"मग धुऊन काढ. सगळं जाऊ दे. चार फेऱ्या मार, पण उठव त्याला."

लवूकाकांनी मला पुन्हा पाण्यात फिरवलं. ते स्वतःच्या मित्राचं काम धूत होते.  पाणी अंगावर उडायचं, आणि प्रत्येक फवाऱ्याबरोबर माझं थोडं थोडं जायचं. पितांबर गेला, शेंदरी गेला, खडू गेला. शेवटी डोळे गेले. त्यानंतर मला काही दिसलं नाही. नुसती मोटारींची घरघर आणि पोटाखालचं पाणी.

मग पाणी सुटलं. कुणी हाताखालचा हात काढून घ्यावा तसं ते एकदम सुटलं, आणि मी वर होतो. काय दिसतं वरून ते मला तुम्हाला सांगता येणार नाही, मी आंधळा होतो. पण पंखांखाली वारा होता. मालनकाकूंनी ताणलेला पापुद्रा वाजत होता, आणि दूर खालून त्यांचाच आवाज आला, "उठला गो बाय, उठला." मी वळलो, आणि उठलो नाही असं पुन्हा कुणी म्हणू नये म्हणून आणखी एक घिरटी घातली. खरं तर लवूकाकांनी घातली. मग मी पोटावर उतरलो. पाण्याने मला पुन्हा धरलं.

काठाशी जे झालं ते मालनकाकूंनी नंतर इतक्यांदा सांगितलं की मला पाठ आहे. मला घ्यायला आले ते लवूकाका नव्हते. पायांतल्या चपलांसकट, पँट न दुमडता, हितेंद्रकाका पाण्यात उतरले होते. त्यांनी माझं नाक दोन्ही तळव्यांत धरलं. माझ्या अंगावरचा शेवटचा पिवळा ओघळ त्यांच्या बोटांवरून वाहिला. त्यांच्या भोवतीचं पाणी रंगीत झालं होतं, आणि ते त्या पाण्याकडे बघत होते.

"म्हणजे असं दिसतं होय," ते म्हणाले.

 लवूकाका त्यांच्या शेजारी जाऊन उभे राहिले. म्हणाले, "आलं ना रे परत?"

"आलं. पण माझं काय राहिलं त्याच्यावर?"

येताना टेम्पोत गोधडी होती, तरी त्यांनी मला मांडीवर घेतलं.

त्यांनी लवूकाकांना विचारून मला इथे, कारखान्यात टांगलं. लवूकाकांच्या घरचं दार पुन्हा दाराच्या जागी बसलं. मला वाटलं, आता रंग होईल, डोळे होतील, पुन्हा तलाव. पण तसं झालं नाही. हितेंद्रकाकांनी मला प्लास्टिकमध्ये गुंडाळलं. धूळ लागू नये म्हणून दोनदा गुंडाळलं. खालचे कारागीर बदलले, मूर्ती आल्या, डोळे उघडून गेल्या, पुन्हा आल्या, पुन्हा गेल्या. मी तसाच. लवूकाका दर थोड्या दिवसांनी यायचे, माझ्या बॅटऱ्या जपून चार्ज करून ठेवल्यात असं सांगायचे. "नेऊ या का रे?"

"आलंय ना एकदा परत? मग आता पुन्हा कशाला?"

 मित्रांनो, आमच्यासारख्या वस्तू आपल्या गोष्टीत सांगतात की आम्हाला टाकून दिलं, विसरले, आमची आबाळ झाली. माझी आबाळ कुणी केली नाही. मला इतकं जपलं की माझा जीव गुदमरला. प्लास्टिकच्या आत बसून मी त्या तलावाची आठवण काढायचो आणि मला त्याचा रंगही आठवायचा नाही, कारण उडताना मी तो पाहिलाच नव्हता. त्या गार पाण्याचा स्पर्श तेवढा पोटाशी राहिला होता. हितेंद्रकाकांवर मी रागावलो होतो. आणि ते रोज संध्याकाळी जाताना माझ्याखाली थबकायचे, तेव्हा तो राग जायचा.

यंदा अनंत चतुर्दशीला त्यांनी नेहमीसारखे दिवे घालवले, दाराला घालायला कुलूप घेतलं. दारात लवूकाका उभे होते. "माटुंग्याला सोडू?" असं त्यांनी विचारलं.

हितेंद्रकाका कुलूप हातात घेऊन थांबले. "नको. गिरगावला चल."

तिथे काय झालं ते लवूकाकांनी दुसऱ्या दिवशी मालनकाकूंना माझ्याखालीच उभं राहून सांगितलं, म्हणून मला माहीत. चौपाटीवर दोघं ओल्या वाळूत उभे होते. मोठ्या मूर्ती गेल्या, तिकडे हितेंद्रकाकांनी फारसं पाहिलं नाही. मग एका घरची छोटी शाडूची मूर्ती आली. ती त्यांच्याच हातची होती. घरच्या माणसांनी आरती केली आणि मूर्तीचं तोंड काठाकडे, घराकडे, वळवलं. जायच्या आधी तिने आपलं घर एकदा बघावं म्हणून वळवतात. हितेंद्रकाकांनी उभ्या जन्मात हजारो डोळे काढले, पण ते डोळे शेवटी कुठे बघतात हे त्यांना ठाऊक नव्हतं. ती मूर्ती त्या माणसांकडे बघत बघत गेली. हितेंद्रकाका मागच्या रांगेत होते. ते पुढे झाले, आणि मूर्ती पाण्याखाली जाईपर्यंत तिच्यासमोर उभे राहिले.

"रडलो नाय तो," लवूकाका म्हणाले. "माका तो म्हणालो, लव्या, मी एवढी वर्षं दार लावून बसलो, आणि ही सगळी काठाकडे बघत गेली. मी तिथे नव्हतो."

त्याच दुपारी हितेंद्रकाका शिडी घेऊन आले. प्लास्टिक काढलं, दोन्ही. या वेळी त्यांनी दुसरं फडताळ उघडलं, तेलाच्या रंगांचं. एकच लहान डबी घेतली. पिवळा नको, मोरपिशी नको, वजन नको. बाकीचं अंग पांढरंच राहू दे, असं त्यांनी लवूकाकांना सांगितलं आणि पंखा बंद केला.

त्यांनी माझे डोळे काढले. पण पहिल्यासारखे खाली झुकलेले नाहीत. बुबुळं त्यांनी कोपऱ्यांत ओढली, मागच्या बाजूला. लवूकाका वाकून बघत राहिले. "हितू, हे तिरकं बघतंय रे."

"तिरकं नाय. मागं बघतंय."

आता पाऊस सरेल, तलाव निवळेल. क्लबाची तारीख ठरली की टेम्पो सांगायचा आहे. मी पुन्हा येईन की नाही, हे मला माहीत नाही. मोटार बंद पडू शकते, वारा उलटू शकतो, आणि तेलाचा असला तरी रंगच तो. हितेंद्रकाकांनाही माहीत नाही. तरी त्यांनी नवीन चपला आणून ठेवल्या आहेत, पाण्यात चालतील अशा.

तेव्हा मित्रांनो, माझी एकच विनवणी. तुम्ही जे केलंत, वाढवलंत, ज्यावर जीव लावलात, ते त्याच्या पाण्याकडे जाणारच. त्याला प्लास्टिकमध्ये गुंडाळू नका. आणि दार लावूनही बसू नका. काठापर्यंत या, आणि दिसेनासं होईपर्यंत तिथे उभे राहा. जाणारा मागं बघत असतो.